वेलवर्गीय भाज्यांच्या रोपांची विरळणी

वेलवर्गीय भाज्यांच्या रोपांची विरळणी म्हणजे एकाच आळ्यात, सरीत किंवा कुंडीत दाट उगवलेल्या रोपांपैकी जोमदार रोपे राखून उरलेली काढून टाकण्याची बागायती क्रिया होय. काकडी, दोडका, घोसाळे, कारले, पडवळ, दुधी भोपळा, तांबडा भोपळा, कलिंगड, खरबूज इत्यादी काकडी कुलातील (कुकर्बिटेसी) पिकांत ही क्रिया प्रामुख्याने केली जाते. या पिकांच्या बिया प्रत्येक आळ्यात गरजेपेक्षा अधिक टोकण्याची प्रथा असल्याने उगवणीनंतर रोपांची संख्या कमी करणे आवश्यक ठरते. विरळणी फार लवकर केल्यास राखलेले रोप किडीला किंवा रोगाला बळी पडून आळे रिकामे राहण्याचा धोका असतो. फार उशिरा केल्यास रोपे एकमेकांची वाढ खुंटवतात व त्यांची मुळे आणि वेल परस्परांत गुंततात. त्यामुळे विरळणीची वेळ ठरवणे म्हणजे या दोन धोक्यांमधील मध्य साधणे होय. सर्वसाधारणपणे पहिले खरे पान उलगडल्यापासून चौथे खरे पान येईपर्यंतचा काळ यासाठी योग्य मानला जातो.

संज्ञा

'विरळणी' हा शब्द 'विरळ' (संस्कृत 'विरल') या विशेषणापासून बनला आहे. ज्वारी, बाजरी, तीळ, कापूस इत्यादी पिकांतील अतिरिक्त रोपे काढण्यासही विरळणीच म्हणतात. द्राक्षबागेत घडांतील मणी कमी करण्याच्या कामालाही हाच शब्द वापरला जातो. तथापि ती फळांची विरळणी असून रोपांच्या विरळणीहून भिन्न आहे. ज्या जागी बी उगवलेच नाही किंवा रोप मेले, तेथे पुन्हा बी टोकण्यास किंवा रोप लावण्यास 'नांग्या भरणे' म्हणतात. विरळणी व नांग्या भरणे ही कामे बहुधा एकाच सुमारास केली जातात.

दाट टोकणीची कारणे

वेलभाज्यांचे बी सहसा आळे करून त्यात टोकले जाते. एका आळ्यात तीन ते चार बिया टोकून पुढे एक किंवा दोन रोपे ठेवावीत, अशी शिफारस सर्वत्र आढळते. अधिक बिया टोकण्यामागे पुढील कारणे असतात.

पहिले कारण उगवणीची अनिश्चितता हे होय. कारले, दोडका व दुधी भोपळा यांच्या बियांचे कवच जाड असल्याने त्या मागेपुढे उगवतात. म्हणून बिया टोकण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजत घालण्याची पद्धत आहे. घरी राखलेले बी जुने किंवा नीट न पिकलेल्या फळातील असल्यास उगवण आणखी कमी होते. माती थंड असल्यासही हाच अनुभव येतो. या कुलातील बहुतेक पिकांची उगवण २५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात चांगली होते आणि तापमान १५ अंशांच्या खाली गेल्यास ती जवळजवळ थांबते.

दुसरे कारण किडींचा उपद्रव हे होय. तांबडा भुंगेरा ही या पिकांची रोपावस्थेतील प्रमुख कीड आहे. प्रौढ भुंगेरे बीजदले व कोवळी पाने कुरतडून त्यांना भोके पाडतात, तर मातीतील अळ्या मुळांवर उपजीविका करतात. नुकत्याच उगवलेल्या रोपाजवळ बीजदलांखेरीज अन्ननिर्मितीचे दुसरे साधन नसल्याने दोन्ही बीजदले खाल्ली गेल्यास रोप बहुधा मरते. तीन-चार पाने असलेले रोप मात्र तेवढाच उपद्रव सहन करू शकते.

तिसरे कारण रोपे कोलमडण्याचा रोग हे होय. पिथियमसारख्या बुरशीसदृश सूक्ष्मजीवांमुळे मातीलगतचा खोडाचा भाग पाणचट होऊन रोप आडवे पडते. खोड जून होऊ लागले की या रोगाची भीती बरीच कमी होते.

थोडक्यात, अधिक बिया हा एक प्रकारचा विमा असतो. त्याचा उपयोग पहिल्या दोन-तीन आठवड्यांपुरता असतो. त्यानंतर हीच जादा रोपे परस्परांना बाधक ठरू लागतात.

दाटीचे परिणाम

बी उगवताच रोपांना परस्परांची अडचण होत नाही. पहिले काही दिवस रोप मुख्यतः बीजदलांत साठवलेल्या अन्नावर वाढते. हा साठा संपत येतो आणि रोप मातीतील पाणी, अन्नद्रव्ये व सूर्यप्रकाश यांवर अवलंबून राहू लागते, तेव्हा स्पर्धेला प्रारंभ होतो. जमिनीखालील स्पर्धा डोळ्यांना दिसत नाही. काकडीवर्गीय रोपांचे सोटमूळ झपाट्याने खोल जाते व त्याला लवकरच आडवी उपमुळे फुटतात. त्यामुळे वर पाने एकमेकांना लागण्यापूर्वीच खाली मुळे परस्परांच्या क्षेत्रात शिरलेली असू शकतात.

जमिनीवरील स्पर्धा मुख्यतः प्रकाशासाठी असते. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते. पण त्यापलीकडील अतिरक्त प्रकाश बराचसा परावर्तित करते किंवा आरपार जाऊ देते. शेजारी दाट पाने असल्यास रोपाभोवतीच्या प्रकाशातील तांबड्या किरणांचे प्रमाण घटते. हा बदल वनस्पतीतील फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य टिपते आणि रोप सावली टाळण्यासाठी उंच वाढू लागते. अशा रोपाचे खोड लांब, बारीक व फिकट होते. बागकाम करणारे त्यास 'रोप उंच पळाले' असे म्हणतात. अशी रोपे वाऱ्याने सहज मोडतात. पुढे मोकळी जागा मिळाली, तरी खोडाचा लांबलेला भाग आखूड होत नाही.

स्पर्धेत पहिल्यांदा उगवलेल्या रोपाला मोठा लाभ होतो. दोन-तीन दिवस आधी वर आलेल्या रोपाची पाने नंतरच्या रोपांवर सावली धरतात व सुरुवातीचे किरकोळ अंतर दिवसागणिक वाढत जाते.

रोपांची घनता व वाढ यांच्या संबंधाचा पद्धतशीर अभ्यास जपानमध्ये झाला. १९५३ मध्ये तात्सुओ किरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवले, की एका मर्यादेपलीकडे रोपांची संख्या वाढवली तरी ठरावीक क्षेत्रातील वनस्पतींचे एकूण वजन वाढत नाही; तेवढेच वजन अधिक रोपांत विभागले जाते. १९६३ मध्ये क्योजी योदा व सहकाऱ्यांनी 'स्वविरळणी'चा नियम मांडला. त्यानुसार दाट वाढणाऱ्या रोपांतील दुर्बळ रोपे आपोआप मरत जातात आणि उरलेल्यांचे सरासरी वजन ठरावीक गणिती प्रमाणात वाढते. यावरून विरळणी केली नाही तरी निसर्ग ती करतोच, हे स्पष्ट होते. मात्र निसर्गाच्या विरळणीस वेळ लागतो आणि मरण्यापूर्वी त्या रोपांनी पाणी, खत व प्रकाश यांचा वाटा घेतलेला असतो. वेलभाज्यांत एकूण वजनापेक्षा फळांचा आकार, संख्या व दर्जा यांना महत्त्व असल्याने ही हानी अधिक जाणवते.

विरळणीची वेळ

विरळणीची वेळ दिवसांवरून न ठरवता रोपाच्या अवस्थेवरून ठरवणे श्रेयस्कर मानले जाते. उबदार मातीत काकडी चार ते सात दिवसांत उगवते, तर कारल्यास आठ ते बारा दिवस लागू शकतात. जानेवारीत टोकलेल्या बियांची वाढ जूनमध्ये टोकलेल्या बियांपेक्षा मंद असते. त्यामुळे 'पंधराव्या दिवशी विरळणी' असा सरसकट नियम एका हंगामात लवकरचा, तर दुसऱ्या हंगामात उशिराचा ठरतो. पाने मोजताना बीजदले धरली जात नाहीत. बीजदले जाड, गुळगुळीत व अंडाकृती असतात. त्यानंतर येणारी, त्या त्या पिकाचा विशिष्ट आकार दाखवणारी पाने ही खरी पाने होत.

बीजदलांची अवस्था. या अवस्थेत विरळणी करणे घाईचे ठरते. कोणते रोप पुढे जोम धरील याचा अंदाज येत नाही, उशिरा उगवणाऱ्या बिया अजून मातीत असतात आणि भुंगेऱ्याचा धोका सर्वाधिक असतो. मात्र एकमेकांना अगदी चिकटून उगवलेल्या दोन रोपांपैकी एक याच वेळी काढणे योग्य असते.

पहिले ते दुसरे खरे पान. ही पहिल्या विरळणीची अवस्था होय. चार रोपांपैकी स्पष्टपणे दुबळी, वाकडी किंवा रोगट असलेली एक-दोन रोपे काढली जातात व दोन ते तीन राखली जातात.

तिसरे ते चौथे खरे पान. ही अंतिम विरळणीची अवस्था होय. या वेळेपर्यंत खोड काहीसे टणक झालेले असते आणि भुंगेरा व कोलमड यांचा मोठा धोका टळलेला असतो. राखलेल्या रोपांतील फरकही स्पष्ट दिसतो. आळ्यात ठरलेली एक किंवा दोन रोपे ठेवून बाकीची काढली जातात.

प्रताने फुटल्यानंतर. प्रताने म्हणजे वेलीचे आधार धरणारे तणावे. ती फुटू लागली म्हणजे विरळणीस उशीर झाला असे समजतात. प्रतान स्पर्शाला प्रतिसाद देऊन मिळेल त्या आधाराभोवती गुंडाळते. मांडवाची काठी आणि शेजारचे रोप यांत ते भेद करीत नाही.

पाने मोजण्याबरोबरच काही खुणाही पाहिल्या जातात. शेजारच्या रोपांची पाने एकमेकांवर येणे, बीजदलांखालील खोड लांबट व फिकट होणे, रोपे आळ्याच्या बाहेरच्या बाजूस कलणे आणि भरपूर ओल असूनही आळ्याच्या मध्यभागातील रोपे मागे पडणे, या खुणा दिसल्यास पानांची संख्या पूर्ण होण्याची वाट पाहिली जात नाही.

ऋतुमान व उपद्रवानुसार बदल

भुंगेऱ्याचा उपद्रव चालू असेल, तर अंतिम विरळणी काही दिवस लांबवणे हिताचे असते. याउलट पावसाळी, ढगाळ हवेत रोपे कोलमडू लागली, तर विरळणी लवकर करावी लागते. या दोन परिस्थितींत जादा रोपांचे कार्य परस्परविरुद्ध असते. भुंगेरा एका आळ्यातील चारही रोपे सारख्याच प्रमाणात खात नसल्याने जादा रोपांमुळे निदान एक वाचण्याची शक्यता वाढते. कोलमड रोग मात्र दाटीमुळेच बळावतो. रोपांच्या बुंध्यांमध्ये हवा खेळत नाही, माती ओली राहते आणि रोग एका रोपातून लगतच्या रोपात जातो. म्हणून आळ्यातील रोपे कशामुळे मरत आहेत हे पाहिल्याशिवाय 'थांबावे की काढावे' याचा निर्णय करता येत नाही. पाने भोके पडलेली किंवा कुरतडलेली असल्यास थांबणे, बुंधा पाणचट होऊन रोप आडवे होत असल्यास पाणी कमी करून रोपे विरळ करणे, असा सर्वसाधारण संकेत आहे.

महाराष्ट्रात खरिपात जून-जुलैमध्ये व उन्हाळी हंगामासाठी जानेवारी-फेब्रुवारीमध्ये या भाज्यांची लागवड होते. उन्हाळी लागवडीत सुरुवातीची वाढ मंद असल्याने विरळणीस अधिक अवधी मिळतो. पावसाळ्यात रोपे झपाट्याने वाढतात व हा अवधी आठवड्याभरावर येऊ शकतो. चुकलेल्या विरळणीची किंमतही हंगामानुसार वेगळी असते. पावसाळ्यात आळे रिकामे राहिल्यास पुन्हा टोकलेले बी दोन-तीन आठवडे मागे पडते, शेजारच्या वेली तोवर मांडव व्यापतात आणि नव्या रोपाला प्रकाश मिळत नाही.

राखावयाच्या रोपाची निवड

सर्वांत उंच रोप सर्वांत सशक्त असतेच असे नाही. त्याची उंची दाटीमुळे आलेली असू शकते. निवड करताना पुढील गुण पाहिले जातात.

- बीजदलांखालील खोड आखूड, जाड व ताठ असणे.
- दोन्ही बीजदले समान, अखंड व हिरवी असणे.
- शेंड्याची कळी शाबूत असणे. पाने थोडी खाल्लेली पण शेंडा शाबूत असलेले रोप चांगले भरून येते.
- पानांवर ठिपके, सुरकुत्या किंवा पिवळ्या-हिरव्या चट्ट्यांची नक्षी नसणे.
- आळ्यातील जागा सोयीची असणे. दोन रोपे ठेवावयाची असल्यास ती एकमेकांपासून शक्य तेवढी दूर असावीत.

बियांचे टरफल बीजदलांवर टोपीसारखे अडकून राहिलेली रोपेही मागे पडतात. भोपळ्याच्या अंकुरावर मूळ व खोड यांच्या सांध्याशी खुंटीसारखा एक उंचवटा येतो. तो टरफलाचा खालचा भाग दाबून धरतो व बीजदलांना बाहेर सुटण्यास मदत करतो. चार्ल्स डार्विन व त्यांचे पुत्र फ्रान्सिस डार्विन यांनी १८८० साली प्रसिद्ध केलेल्या 'द पॉवर ऑफ मूव्हमेंट इन प्लँट्स' या ग्रंथात या खुंटीचे कार्य वर्णिले आहे. बी फार उथळ टोकल्यास टरफलावर मातीचा दाब नसतो व ते वर उचलले जाते. त्यामुळे बी दोन ते तीन सेंटिमीटर खोल टोकावे असे सांगितले जाते.

पद्धत

विरळणी रोप उपटून किंवा कापून करता येते. वेलभाज्यांत कापणे अधिक सुरक्षित मानले जाते. या पिकांची मुळे तुटल्यावर लवकर भरून येत नाहीत. एक रोप उपटताना त्याच्या मुळांत गुंतलेली शेजारच्या रोपाची मुळेही तुटतात आणि राखलेले रोप काही दिवस कोमेजते. म्हणून नको असलेले रोप लहान कात्रीने किंवा नखाने मातीलगत खुडले जाते. काकडीवर्गीय रोपांची बीजदले जमिनीच्या वर येतात आणि बीजदलांखालील खोडावर फुटणारे डोळे नसतात. त्यामुळे बीजदलांच्या खाली कापलेले रोप पुन्हा फुटत नाही. बीजदलांच्या वर कापल्यास मात्र त्यांच्या बेचक्यातून नवा फुटवा येऊ शकतो.

रोगट रोपे शेवटी काढावीत किंवा त्यानंतर कात्री स्वच्छ करावी, कारण काही विषाणू रोपाच्या रसाबरोबर हत्यारातून पसरतात. विरळणीपूर्वी आळ्यास हलके पाणी दिल्यास माती घट्ट राहत नाही व उपटणे अपरिहार्य असल्यास मुळांना कमी इजा होते. विरळणीनंतर राखलेल्या रोपाच्या बुंध्याशी मातीची हलकी भर दिली जाते व काठीचा आधार लावला जातो.

काढलेले रोप दुसरीकडे लावण्याचा प्रयत्न अनेकदा केला जातो. पण मुळांभोवती माती नसलेले काकडीवर्गीय रोप सहसा तग धरत नाही. नांग्या भरण्यासाठी काही बिया त्याच दिवशी कागदी पेल्यांत किंवा लहान पिशव्यांत स्वतंत्र लावून ठेवणे हा अधिक खात्रीचा मार्ग होय. कोवळी रोपे भाजीत वापरावयाची असल्यास बी औषध लावलेले नव्हते याची खात्री असावी लागते. प्रक्रिया केलेले बी सहसा रंगीत असते.

पिकानुसार फरक

काकडी. वाढ जलद असल्याने विरळणीचा काळ थोडा असतो. मांडवावर किंवा ताटीवर चढवलेल्या काकडीच्या आळ्यात दोन रोपे ठेवता येतात.

दोडका, घोसाळे, कारले व पडवळ. उगवण मागेपुढे होत असल्याने पहिली विरळणी सर्व आळ्यांत एकाच दिवशी करण्याचा आग्रह धरला जात नाही. मांडव असल्यास दोन रोपांचे वेल विरुद्ध दिशांना वळवले जातात.

दुधी भोपळा व तांबडा भोपळा. पाने मोठी व वेल लांब असल्याने दाटी लवकर होते. परसबागेत आळ्यात एकच रोप ठेवणे पुरेसे असते. बीजदलेही मोठी असल्याने तिसऱ्या पानाच्या सुमारासच अंतिम विरळणी केली जाते.

कलिंगड व खरबूज. वेल जमिनीवर पसरतात. दाटी राहिल्यास पानांखाली ओल टिकून रोगांना वाव मिळतो व फळे लहान राहतात.

वाल, चवळी व वाटाणा. या शेंगवर्गीय वेली थोडी दाटी सहन करतात, त्यामुळे विरळणी सौम्य असते. वाटाण्याची बीजदले जमिनीखालीच राहतात व तेथील डोळे शाबूत असतात. म्हणून मातीलगत कापलेले वाटाण्याचे रोप पुन्हा फुटू शकते. अशा पिकांत कोवळेपणीच अलगद उपटणे सोयीचे ठरते.

कुंडीतील वेली. गच्चीवर किंवा सज्जात मुळांना पसरण्यास जागा नसल्याने नियम अधिक कडक असतो. १५ ते २० लिटर माती मावणाऱ्या कुंडीत काकडी किंवा कारल्याचा एकच वेल ठेवला जातो व अंतिम विरळणी तिसऱ्या पानापूर्वी उरकली जाते.

अपवाद

तोंडली व परवल यांची लागवड बहुधा वेलीच्या छाटांपासून होत असल्याने त्यांत रोपांच्या विरळणीचा प्रश्न सहसा उद्भवत नाही.

कर्टोलीची गोष्ट निराळी आहे. तिचे नर व मादी वेल वेगवेगळे असतात आणि फूल येईपर्यंत त्यांतील भेद ओळखता येत नाही. बियांपासून वाढवलेल्या कर्टोलीत नेहमीच्या वेळी विरळणी केल्यास फळ देणारे मादी वेलच काढले जाण्याचा संभव असतो. त्यामुळे फुलोऱ्यापर्यंत थांबून, परागीभवनापुरते नर वेल राखून बाकीचे काढले जातात. साधारणतः आठ ते दहा मादी वेलींना एक नर वेल पुरतो. हा विलंब टाळण्यासाठी नर-मादी माहीत असलेल्या वेलींचे कंद लावण्याची पद्धत आहे.

काकडीच्या काही संकरित वाणांना जवळजवळ केवळ मादी फुले येतात. परागकणांसाठी त्यांच्या बियांत दुसऱ्या वाणाच्या थोड्या बिया मिसळलेल्या असतात. ही रोपे निराळी दिसली, तरी ती सर्व काढून टाकल्यास फळधारणेवर परिणाम होतो.

विरळणी राहून गेल्यास

वेल परस्परांत गुंतल्यानंतर ते सोडवण्याचा प्रयत्न केल्यास राखावयाच्या वेलीचा शेंडा मोडण्याची भीती असते. अशा वेळी नको असलेला वेल केवळ बुंध्याशी कापून तसाच मांडवावर वाळू दिला जातो व दोन-चार दिवसांनी सुकलेला भाग अलगद काढला जातो. उशिरा केलेल्या विरळणीने रोपांची गमावलेली सुरुवातीची वाढ भरून निघत नाही. तथापि फुलोऱ्यापूर्वी ती केल्यास उरलेल्या वेलीस पाणी व अन्नद्रव्ये यांचा पुरेसा वाटा मिळतो. फळधारणा सुरू झाल्यावर मात्र वेल काढण्यापेक्षा खतपाण्याकडे लक्ष देणे व दाट पाने कमी करणे पसंत केले जाते.

पर्यायी पद्धती

संकरित बियाणे महाग असल्याने व्यावसायिक लागवडीत प्लास्टिकच्या ट्रेमध्ये कोकोपीट भरून प्रत्येक कप्प्यात एकच बी लावण्याची पद्धत रूढ झाली आहे. मुळांभोवतीचा गड्डा न फुटता रोप शेतात लावता येत असल्याने मुळांना इजा होत नाही व विरळणीची गरज उरत नाही. रोपवाटिकेत कीटकरोधक जाळी असल्यास भुंगेऱ्यापासूनही संरक्षण मिळते. परसबागेत घरचे बी वापरणाऱ्यांसाठी मात्र आळ्यात जादा बिया टोकून योग्य वेळी विरळणी करणे हीच कमी खर्चाची पद्धत राहिली आहे.